आई चालेल तो बांध

आमच्या कॉलेजात आम्ही तिघांनी मिळून एक छोटा शब्दकोश करायला घेतला आहे. इंग्रजीतून मराठीत, मातीतले आणि शेतीतले शब्द, खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी. मी नगरला इंग्रजी शिकवते. 'बी' हे अक्षर माझ्या वाट्याला आलं, कारण 'ए' ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आधीच पटकावलं होतं. या 'बी'मध्ये मी एका शब्दापाशी अडून बसले. बी-यू-एन-डी, बंड. देवनागरीत लिहिला की मुलं फिदीफिदी हसतात, कारण आपल्याकडं बंड करायचं असतं, घालायचं नसतं. पण अडचण ती नव्हती.

मी अर्थ लिहिला होता: पाणी अडवण्यासाठी किंवा दोन शेतं वेगळी ठेवण्यासाठी मातीचा घातलेला उंचवटा, बांध. खाली वापरासाठी एक वाक्यही दिलं होतं: शेतकरी बांधावरून चालत गेला. वाक्य शुद्ध होतं आणि अगदी बेचव होतं. कुठला शेतकरी, कुणाच्या बांधावरून, आणि कुणी पाहिलं का त्याला, हे प्रश्न आमच्या गावात कुणीही विचारले असते.

तसा हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. फारसीतला 'बंद' आणि आपला 'बांध' ही एकाच घरातली भावंडं. साहेब इथं आला, त्यानं हा शब्द उचलला आणि आपल्या कोशात नेऊन बसवला. पुढं चीनमध्ये एका शहरातल्या नदीकाठच्या ऐटबाज रस्त्यालाही त्यानं तेच नाव दिलं. माझा मोठा भाऊ पुण्याजवळच्या एका कंपनीत आहे. त्यांच्याकडं तेलाच्या टाकीभोवती बुटकी भिंत असते, टाकी फुटली तर तेल बाहेर पसरू नये म्हणून. तिलाही म्हणे बंडच म्हणतात. भावाला एवढा एकच बंड माहीत होता, आणि तो सिमेंटचा होता.

आमच्या जामखेडच्या बाजूला हा शब्द परत आला तो सरकारी जीपमधून, 'बंडिंग' होऊन. दुष्काळात बायाबापड्या बंडिंगच्या, म्हणजे सरकारी बांधबंदिस्तीच्या, कामाला जायच्या. आईही नवी नवरी असताना गेली होती. मी तिला फोनवर विचारलं, "आई, बांध आणि बंडिंग यात फरक काय?"

"तुला पगार मिळतो ना ह्याचा?" ती म्हणाली. मग म्हणाली, "बंडिंग सरकारचं असतं. बांध आपला असतो. बंडिंगवर कामाला जात्यात, बांधावर भांडायला."

हे कोशात घालता येण्यासारखं नव्हतं, पण माझ्या व्याख्येपेक्षा बरं होतं. माझ्या व्याख्येत खोट एवढीच होती की तिच्यातला बांध जागेवर असतो. आमच्याकडचा बांध चालतो.

तो कसा चालतो ते सांगते. नांगरट करताना माणूस बांधाच्या अंगाला एक तास जास्तीचं घालतो, म्हणजे नांगराची एक रेघ बांधातच घुसवतो. बांध आपल्या बाजूनं तेवढा कोरला जातो. असं करत करत बांध बारीक झाला की दुरुस्तीच्या नावाखाली माती टाकायची ती पलीकडच्या अंगाला. बांध पुन्हा पहिल्याएवढा जाड दिसतो, फक्त पाऊलभर सरकलेला असतो. असं वर्षानुवर्षं चालतं. हद्दीचे दगड म्हणाल तर मी लहानपणापासून ते फक्त ऐकत आले आहे. दगडांनाही आमच्याकडं पाय फुटतात.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, बांध कोरायचे. हे मी सरळ लिहिते, कारण गावात कोरत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कुठंही गेलं तरी पळसाला पानं तीनच. बाकी माणूस फार चांगला. कुणाच्या मयताला, कुणाच्या लग्नाला सगळ्यांत आधी हजर. रोजचा पेपर मोठ्यानं वाचून वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना ऐकवणार, आणि त्यात आपल्या पदरच्या दोन ओळी घालणार. पण नांगराला हात लावला की त्यांची मान आपोआप बांधाकडं वळायची. बांधापलीकडं शेत होतं ते भावकीतल्याच काकांचं. मी शाळकरी असताना एकदा हे काका बांधावर उभं राहून ओरडत होते, आणि वडील थंडपणानं तंबाखू मळत म्हणाले होते, "पाण्यानं सरकतो बांध. मी काय करू?" त्यानंतर कित्येक वर्षं दोन्ही घरांचं येणंजाणं बंद होतं. बायका मात्र बोलायच्या. बायकांना विरजण लागतं.

वडील गेले तेव्हा त्यांची राख नदीत न सोडता शेतात पुरली आणि वर केशर आंबा लावला. अलीकडं आमच्या भागात बरेच जण असंच करतात. जागा वडिलांनीच आजारपणात सांगून ठेवली होती: बांधाला लागून, आपल्या बाजूला. त्यातही त्यांची हुशारी होती. तिथं लावलेल्या झाडाची सावली आपल्या पिकावर पडत नाही, पलीकडच्या पिकावर पडते. काकांनी सावलीबद्दल कधी तक्रार केली नाही. मेलेल्या माणसाशी कोण भांडणार?

झाड चांगलं लागलं. आई रोज सकाळी चहा झाला की तिकडं जायची, उन्हाळ्यात घागर घेऊन, एरवी नुसतीच. आमचं घर शेतातच आहे, त्यामुळं जाणं म्हणजे अंगणातून जाण्यासारखंच. तिथं जाऊन ती काय करते हे मी कधी विचारलं नाही. बाईला नवऱ्याशी एकटं बोलायला मिळण्याचं ते पहिलंच ठिकाण असावं.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटाला आमच्याकडं भलताच पाऊस झाला. ज्या तालुक्यात टँकरची वाट पाहायची, तिथं रात्रभर ओढ्याचा आवाज येत राहिला. उडीद शेतातच कुजला. आणि आमचा आणि काकांचा मधला बांध वरपासून खालपर्यंत वाहून गेला. पाणी ओसरल्यावर दोन्ही शेतांचं एकच सपाट, चिकट, काळं रान झालं. त्या रानात उभं होतं फक्त आंब्याचं झाड, आणि ते कुणाच्या बाजूला आहे हे सांगायला शेजारी काहीच उरलं नव्हतं.

भावाचा फोन आला. "मोजणी मागवू. यंत्र आणतात हल्ली, एका दिवसात काम."

काकांचं म्हणणं वेगळं होतं. मोजणी यायची तेव्हा येईल, तोवर ज्वारीची पेरणी हातची जाईल. त्यांनी आईकडं निरोप पाठवला: वहिनी चालतील तो बांध.

ही आमच्या गावची जुनी रीत आहे. पुरानं बांध गेला आणि दोन्ही घरांना भांडण नको असलं, तर दोन्ही घरांत मिळून जी बाई सगळ्यांत आधी नांदायला आली असेल ती अनवाणी चालते. तिच्यामागून दोन्ही घरांचं एकेक माणूस कुदळीनं रेघ ओढत जातं. ती चालत असताना कुणी तोंड उघडायचं नाही. ती जिथून चालेल तिथं बांध पडतो, आणि मग त्यावर पुन्हा बोलणं नाही. बाईच का, तर म्हणे तिचं माहेर दुसऱ्या गावात, जमीन तिच्या नावावर नाही, तिला ना इकडून फायदा ना तिकडून. जिला काहीच मिळणार नाही तिच्यावर विश्वास ठेवायचा, असा हा हिशेब. मला या रीतीचं कौतुक वाटतं आणि रागही येतो.

आईच्या बाबतीत तर कारणही उरलं नव्हतं. वडिलांच्या मागं सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं आहे. शनिवारी गावी गेले तेव्हा मी ते काकांना बोलून दाखवलं.

"नाव लागलं म्हनून मानूस बदलतं व्हय?" ते म्हणाले.

मोजणीची घाई करणारा भाऊ मात्र एकदम राजी झाला. आई चालणार म्हणजे झाड आपल्यात राहणार, मोजणीत वडिलांचा पराक्रम बाहेर येण्यापेक्षा झाकली मूठ बरी, असं त्याचं गणित. तो रविवारी सकाळी गाडी घेऊन आला आणि चहाचा कप हातात धरून आईला समजावू लागला. "आई, झाडाच्या पलीकडून चालायचं. लांबून नको, दोन हात पलीकडून. काका काही म्हणणार नाहीत."

आई भाकरी थापत होती. "मला चालता येतं," ती म्हणाली.

मलाही झाड आपल्याकडंच हवं होतं. हे मी तटस्थपणाचा आव आणून लपवणार नाही. त्या झाडाखाली माझा बाप आहे. बांध कुठला, हद्द कुठली, कुणी किती कोरलं, हे सगळं मला तेव्हा कळत होतं आणि तरी बापाला दुसऱ्याच्या रानात ठेवायची कल्पनाच सहन होत नव्हती. फक्त भावासारखं तोंडानं बोलण्याचं धाडस मला झालं नाही. मी गप्प राहून त्याच्या बाजूला होते.

ऊन जरा वर आलं तसे आम्ही रानात गेलो. आमच्याकडून कुदळ भावाच्या हातात, त्यांच्याकडून खुद्द काकांच्या. काका आता सत्तरीच्या पुढचे, गुडघ्यात वाकलेले. सुनेला पाठवा म्हटलं तर ऐकलं नाही. आईनं वरच्या टोकाला चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि रानाकडं पाहत थोडा वेळ नुसतीच उभी राहिली. पलीकडं काकांच्या गोठ्याचा पत्रा दिसत होता, खाली ओढ्याकाठची बाभळ. ती मनात काय जुळवत होती मला माहीत नाही. मग ती चालायला लागली.

पहिली काही पावलं कुणाच्या लक्षात आलं नाही. चिखलात तिचे पाय रुतत होते, ती पाऊल उचलून पुन्हा नीट ठेवत होती, घाई नाही, अडखळणं नाही. मागून दोन कुदळींच्या दोन रेघा एकमेकींत मिसळत येत होत्या. मी कडेकडेनं चालले होते. अर्ध्यात आल्यावर मला दिसलं की ती झाडाकडं जातच नाहीये. ती झाडाच्या अलीकडून चालली होती. आमच्या बाजूनं. तेही दोन हात नाही, चांगली बैलगाडी जाईल एवढं अंतर सोडून.

भावानं कुदळ थांबवली. पण बोलायचं नाही ही रीत त्यालाही माहीत होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी आईच्या पाठीकडं पाहत राहिले.

रीत मोडली ती काकांनी. झाड आईच्या उजव्या हाताला बरोबरीत आलं तसे ते कुदळीवर रेलून म्हणाले, "वहिनी, जरा वळा की हितं. झाडाला वळसा घाला. माझं काय म्हननं न्हाई."

ज्याची जमीन परत मिळत होती तोच माणूस ती सोडायला सांगत होता. बांधाला तिथं एक बाक पडला असता, बस. मला वाटलं, झालं, सुटलो. काकांबद्दल मला इतकी माया आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आई थांबली नाही. वळलीही नाही. ती सरळ खालपर्यंत गेली, ओढ्याच्या काठाला पोचली, आणि तिथं बाभळीला धरून मग मागं वळून पाहिलं.

भावाचा बांध तिथं फुटला. "दादांना दुसऱ्याच्या रानात टाकलंस तू! काका स्वतः म्हणत होते वळा म्हणून. कुणासाठी केलंस हे?"

"त्यांच्यासाठीच केलं," आई म्हणाली. तिला दम लागला होता. "मी ह्या घरात आले तवा बांध हितं हुता. ह्याच्यावरच बसून पयली भाकर खाल्ली म्या. तुझ्या बापानं किती सरकवला ते मला ठावं हाय, अन् ह्या भावजींना ठावं हाय."

काका खाली पाहत होते.

"दहाव्याला कावळा शिवत नव्हता, आठवतंय का?" आई भावाला म्हणाली. "तू काय काय बोललास. आईला संबाळीन, बहिनीला अंतर देनार न्हाई. सगळे बोलले. शिवला का? मग म्या मनातल्या मनात बोलले, बांध जागेवर घालीन. तवा शिवला."

मला आठवत होतं. नदीकाठी आम्ही सगळे उन्हात ताटकळलो होतो, कावळे समोरच्या झाडावर बसून होते, आणि पिंडाकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. जमलेला प्रत्येक जण येऊन काहीबाही कबूल करून गेला. मीही काहीतरी बोलले होते, काय ते विसरले. मग एकदम एक कावळा आला. तो का आला हे मला माहीत नाही. ऊन चढलं होतं, त्यालाही भूक लागली असेल. या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण आईचा आहे, आणि इतकी वर्षं ती ते कबूल केलेलं वाक्य एकटीनं सांभाळत होती. रोज सकाळी ती झाडापाशी जात होती ती बोलायला नव्हे, तर मुदत मागायला, असं मला तेव्हा वाटलं.

"मग एवढी वर्षं का थांबलीस?" भावानं विचारलं. आवाज खाली आला होता.

"हुबा बांध कसा हलवायचा? गाव म्हनलं असतं, मेल्यावर बायकूनं नवऱ्याची अब्रू काडली. आता पाण्यानं नेला. पाण्याला कोन काय म्हननार?"

काका रेघेच्या कडेला उकिडवे बसले आणि हातानं माती सारखी करू लागले, उगाचच. मला वाटतं त्यांना या सगळ्याची लाज वाटत होती. जे आपलं आहे ते परत घेतानासुद्धा काही माणसांना लाज वाटते. भावाची कुदळ चिखलात तशीच पडली होती.

आम्ही रेघेच्या आमच्या बाजूनं वर यायला निघालो. आई पुढं, पाय चिखलानं घोट्यापर्यंत माखलेले, हातात काही नाही. झाडाच्या समोर आली तशी ती थांबली. रोज ती इथून सरळ झाडापाशी जायची, विचार न करता, जसं माणूस आपल्या घरात या खोलीतून त्या खोलीत जातं. आज मध्ये कुदळीची एक ओली रेघ होती. वीतभरही खोल नव्हती. आईनं तिच्याकडं पाहिलं, पदर नीट केला आणि मागून येणाऱ्या काकांना हाक मारली.

"भावजी, तुमच्या रानात येऊ का?"

काकांनी तोंडावर टॉवेल धरला आणि नुसताच हात पुढं केला, या म्हणून. मला रडू आलं. भावालाही आलं असावं, तो ओढ्याकडं तोंड करून उभा होता.

आई रेघ ओलांडून गेली. झाडापाशी जाऊन तिनं बुंध्याला हात लावला, ताप आहे का बघायला लावतात तसा. ती मोठ्यानं बोलली नाही, पण रान मोकळं होतं आणि वारा आमच्याकडंच येत होता, म्हणून मला ऐकू आलं.

"झालं," ती म्हणाली. "आता निवांत ऱ्हावा."